आधी उंदीर पडले

मुंबई बंदराला खेटून असलेल्या मांडवीत १८९६च्या पावसाळ्यात धान्याच्या वखारींमधून मेलेल्या उंदरांची दुर्गंधी येऊ लागली. पाठोपाठ वखारींच्या आसपासच्या चाळींत माणसं तापाने फणफणू लागली. जांघेत किंवा काखेत टणक गाठ यायची, डोळे लाल व्हायचे, जीभ अडखळायची आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपायचं. २३ सप्टेंबरला नवरोजी हिलच्या वस्तीतल्या अशा एका रोग्याला तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केलं : गाठीचा प्लेग.

व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि महापालिकेच्या स्थायी समितीचे सदस्य. त्यांचं म्हणणं आनंदाने ऐकून घेईल असं मुंबईत कोणी नव्हतं. प्लेग जाहीर झाला की युरोपातली बंदरं मुंबईच्या जहाजांना अडवणार, कापूस गोदीत पडून राहणार, गिरण्या बसणार. तेव्हा सुरुवातीला अधिकाऱ्यांनी ‘गाठी येणारा संशयास्पद ताप’ अशी शब्दांची कसरत केली. ती फार दिवस चालली नाही. कलकत्त्याला पटकीच्या लशीवर काम करत असलेल्या वाल्देमार हाफकिन यांना सरकारने तातडीने बोलावलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते मुंबईत पोचले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना तोच जंतू दिसला, जो दोनच वर्षांपूर्वी, १८९४च्या जूनमध्ये, अलेक्झांडर यर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये प्रेतांच्या गाठींतून काढला होता.

म्हणजे मुंबईत प्लेग शिरला तेव्हा त्याचा जंतू ओळखीचा झाला होता. आधीच्या कुठल्याही पिढीला हे भाग्य लाभलं नव्हतं. तरीही पुढच्या वीस-बावीस वर्षांत हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसं या रोगाने गेली. असं का झालं, याचं उत्तर मला ज्ञान कोणत्या क्रमाने हाती आलं त्यात दिसतं. जंतू आधी सापडला, मग लस आली. जंतू माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे त्यानंतर कळलं आणि पटायला तर आणखी दहा वर्षं गेली. औषध आलं सर्वांत शेवटी, अर्ध्या शतकाने. मधली जी कडी सापडत नव्हती, तिच्या जागी सरकारने आपल्या समजुती घातल्या आणि त्या समजुतींची अंमलबजावणी लष्कराकडून करवून घेतली.

समजूत अशी होती की रोग घाणीत आणि कोंदट हवेत पोसतो. अनवाणी पायांच्या भेगांतून तो शिरत असावा, धान्यातून येत असावा, रोग्याच्या श्वासातून, कपड्यांतून येत असावा, असेही तर्क होते. उंदीर मरत होते हे सर्वांना दिसत होतं, पण माणसासारखाच तो बिचाराही त्याच घाणीचा बळी, असा अर्थ लावला गेला. मग महापालिका आयुक्त स्नो यांच्या देखरेखीखाली शहर धुवायला काढलं. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडण्यात आलं. घरं चुन्याने रंगवली. ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं उतरवली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरं रंगवली जाऊ लागली. हे सगळं प्रामाणिकपणे आणि प्रचंड खर्च करून चाललं होतं. गटारांतले उंदीर मात्र पाण्याच्या लोंढ्यापुढे पळून शेजारच्या आळीत जात होते आणि रोगही त्यांच्याबरोबर जात होता.

लोकांना दवाखान्याची भीती रोगापेक्षा जास्त वाटे. आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, हे ते डोळ्यांनी बघत होते. बहुतेक रोगी अखेरच्या अवस्थेत तिथे पोचत. त्यातून अफवा उठल्या. दवाखान्यात माणसं मारून त्यांच्या अंगातून मोमिआई नावाचं औषध काढतात, असं कुजबुजलं जाई. त्याच ऑक्टोबरात कुणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. त्याचा सूड म्हणून राणीला मुंबईकरांची काळजं हवी आहेत, अशीही वदंता पसरली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. पुढे जातीजमातींनी स्वतःची प्लेग-रुग्णालयं काढली तेव्हा कुठे घरच्यांच्या जिवात जीव आला, कारण तिथे रोग्याशेजारी आपलं माणूस बसू शकत होतं.

ज्यांना शक्य होतं ते निघून गेले. साडेआठ लाखांच्या शहरातून १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसं कोकणात, देशावर, गुजरातेत पांगली. गिरण्यांना हात मिळेनात. नाक्यानाक्यावर मजुरांचा लिलाव व्हावा तशी स्थिती आली. मालकांचे लोक रस्त्यावर उभे राहून एकमेकांवर चढाओढ करत रोजाचा भाव वाढवत होते. गिरणी कामगाराला मुंबईत आपली किंमत ठरवता आली असे प्रसंग फार नाहीत. हा त्यांतला एक, आणि तो प्लेगने आणला!

या गोंधळात ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि तिला लागून असलेला व्हरांडा एवढ्या जागेत हाफकिन यांचं काम सुरू झालं. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. हाफकिन जन्माने ओडेसाचे, धर्माने ज्यू, प्राणिशास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह यांचे विद्यार्थी. रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात जागा मिळणं अवघड, म्हणून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सहायक ग्रंथपालाची नोकरी पत्करून त्यांनी प्रयोगशाळेत पाय ठेवला होता. १८९२मध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली, ती आधी स्वतःला टोचली आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थानात येऊन हजारो लोकांना दिली. डॉक्टरीची पदवी नसलेला, रशियन, त्यात फ्रेंच संस्थेतून आलेला हा माणूस इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सुरुवातीपासून सलत होता.

त्यांची रीत ऐकायला साधी वाटते. बकऱ्याच्या मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे. गाय किंवा डुकराचं मांस वापरलं असतं तर टोचून घ्यायला कोणी पुढे आलं नसतं. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात. गुहेच्या छतावरून क्षारांचे सुळके लोंबावेत तसे ते दिसतात. बाटली हलवली की सुळके तुटून तळाशी बसतात आणि वर नवे वाढू लागतात. काही आठवड्यांनी द्रवात जंतू आणि त्यांचं विष भरपूर साठलं की ते तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक आम्ल घालून कुप्या भरायच्या. तीन महिन्यांच्या आत हे सगळं बसवलं गेलं. एका साहाय्यकाचं मन या ताणाखाली कोलमडलं, आणखी दोघे सोडून गेले.

१० जानेवारी १८९७ला हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा होती दहा घनसेंटीमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिली जाई तिच्या तिपटीहून जास्त. ताप आला, टोचलेली जागा ठणकली, पण काम थांबलं नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि लशीची पहिली कसोटी लागली. कैद्यांपैकी ज्यांनी स्वतःहून हात पुढे केला त्यांना टोचलं. टोचलेल्या सुमारे दीडशे जणांत पुढच्या दिवसांत दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न टोचलेले संख्येने थोडे जास्त होते. त्यांत बारा जण आजारी पडले आणि सहा गेले.

आकडे लहान होते, म्हणून हाफकिन मोठ्या वस्त्यांच्या शोधात राहिले. पोर्तुगीज दमणमध्ये १८९७च्या उन्हाळ्यात प्लेगने कहर मांडला. गावात उरलेल्या ८,२३० लोकांपैकी २,१९७ जणांनी टोचून घेतलं. त्यांत ३६ मेले. न टोचलेल्या ६,०३३ जणांत १,४८२ मेले. शंभरात दीड एकीकडे आणि शंभरात जवळजवळ पंचवीस दुसरीकडे. पण टीकाकारांचा प्रश्न चूक नव्हता : टोचून घेणारे मुळात जास्त शहाणे, जास्त स्वच्छ, जास्त खातेपिते असले तर?

त्याचं उत्तर १८९८च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा नावाच्या खेड्यात मिळालं. हा प्रयोग मला या साऱ्या कहाणीतला सर्वांत बुद्धिमान भाग वाटतो. गावात प्लेग चालूच होता. हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी घरटी यादी केली आणि प्रत्येक कुटुंबाचे शक्य तितके सारखे दोन भाग पाडले. पुरुष, बाया, पोरं, अशक्त, धडधाकट अशा सगळ्यांची वाटणी जवळजवळ सारखी. अर्ध्यांना टोचलं, अर्ध्यांना नाही. एकच चूल, एकच छप्पर, उंदीरही तेच. काही आठवड्यांनी मोजदाद झाली तेव्हा २८ घरांत प्लेग शिरलेला आढळला. त्या घरांतल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले होते आणि त्यांतले २६ गेले होते. टोचलेल्या ७१ जणांत आजारी आठ, मेलेले तीन. आज अशा प्रयोगाला कुठलीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही, आणि उंढेऱ्याच्या माणसांना आपण कशात भाग घेतोय हे किती समजावून सांगितलं होतं, हाही प्रश्न उरतोच. पण तुलनेसाठी दुसरा गट हवा आणि तो पहिल्यासारखाच हवा, हा आजच्या प्रत्येक लसचाचणीचा पाया या खेड्यात स्वच्छ दिसतो.

मुंबईत लशीला मोठा आधार मिळाला तो तरुण आगाखानांचा. जेमतेम विशीतल्या या धर्मगुरूने हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपलं खुश्रू लॉज देऊ केलं आणि अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतलं. त्यांच्या आठवणींत याचा उल्लेख आहे. हजारो खोजा अनुयायांनी त्यांचं अनुकरण केलं. सरकारी फतव्यांना न बधणारं शहर घरच्या माणसाच्या उघड्या दंडाला मात्र बधलं.

सरकारचा भर मात्र लशीवर नव्हता. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला. घर तपासणं, माणूस अडकवणं, सामान जाळणं, प्रवास रोखणं या सगळ्याचे अधिकार काही ओळींत प्रशासनाला मिळाले. त्याच सुमारास व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरत होती आणि हिंदुस्थानच्या मालावर बंदी घालण्याची भाषा युरोपात सुरू होती. कायद्याच्या घाईमागे हे दडपण मोठं होतं. पुण्यात त्याचं काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. रँडची प्लेग समिती, घरोघर शिरणारे गोरे शिपाई, देवघरांतून फिरणारे बूट, रस्त्यावर बायकांची तपासणी, मग २२ जूनची गणेशखिंडीतली रँडवरच्या गोळीबाराची रात्र, चापेकर बंधू, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. या कथेत सावित्रीबाई फुल्यांचं नाव मात्र अनेकदा मागे पडतं. मुलगा डॉ. यशवंत याच्यासह त्यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवरून आणल्यानंतर त्यांनाच लागण झाली. १० मार्च १८९७ला त्या गेल्या.

शिपाई घरांत काय शोधत होते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. ते रोगी शोधत होते आणि सापडला की त्याला छावणीत नेत होते. गाठीच्या प्लेगचा रोगी, फुप्फुसात रोग उतरला नसेल तर, शेजाऱ्याला क्वचितच रोग देतो. ज्या घरातून त्याला नेलं त्या घराच्या जमिनीत, कौलांत आणि धान्याच्या कणगीमागे खरा धोका तसाच राहत होता. याउलट खेड्यापाड्यांतली माणसं उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्या बांधत. त्यांना जंतू माहीत नव्हता, कारण माहीत नव्हतं. उपाय मात्र सरकारच्या उपायापेक्षा सरस होता. पुढे सरकारनेही गावं मोकळी करण्याचा मार्ग धरला, पण तोवर पुरेसं रक्त सांडलं होतं.

मधली कडी शोधणारा माणूस १८९७मध्ये मुंबईत येऊन पोचला होता. यर्सिन आपलं प्लेगविरोधी रक्तद्रव घेऊन त्या वसंतात इथे आले, पण गुण येईना. निराश होऊन ते गेले आणि त्यांच्या जागी पाश्चर संस्थेने पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला पाठवलं. सिमाँ यांना काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पावलावर किंवा पोटरीवर, एक बारीक फोड दिसला. त्या फोडात जंतू होते आणि गाठ नेहमी त्याच बाजूच्या जांघेत येई. काहीतरी इथे चावलं असणार. त्यांनी आणखी एक घटना टिपून ठेवली : एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी जमिनीवर मेलेल्या उंदरांचा सडा पडला होता. वीस मजुरांना ते उचलायला लावलं. तीन दिवसांत त्यांतले दहा आजारी पडले आणि कारखान्यातल्या बाकी कुणालाही काही झालं नाही. पुढे त्यांच्या ध्यानात आलं की उंदीर थंड होऊन बराच वेळ गेला असेल तर तो उचलणाऱ्याला काही होत नाही. ताजा मेलेला उंदीर मात्र घात करतो. मेलेलं अंग थंड पडलं की पिसवा ते सोडून जातात.

१८९८च्या मे-जूनमध्ये कराचीच्या हॉटेल रेनॉल्ड्समध्ये सिमाँ यांनी प्रयोग मांडला. काचेची मोठी बरणी, तळाशी वाळू. प्लेगच्या घरातून पकडलेला, पिसवा असलेला आजारी उंदीर आत सोडला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून मांजराच्या अंगावरच्या काही पिसवा त्यांनी वरून घातल्या. उंदीर मरणपंथाला लागल्यावर एका जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवून तो पिंजरा बरणीत टांगला. दोन उंदरांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्य नव्हतं; पिसू मात्र उडी मारून पोचू शकत होती. पहिला उंदीर मेला. वरचा काही दिवस धडधाकट होता, मग सुस्तावला आणि मेला. २ जूनला सिमाँ यांनी त्याला चिरलं तेव्हा गाठी सुजलेल्या होत्या आणि जंतूंनी भरलेल्या होत्या. ज्या उंदरावर पिसवाच नव्हत्या त्याच्या शेजारी राहिलेले उंदीर जगले. माणसाला शतकानुशतकं छळणारं रहस्य आपण उलगडलं, या जाणिवेने त्या दिवशी आपण विलक्षण हेलावलो होतो, असं त्यांनी पुढे लिहिलं.

त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. जगाने तो बाजूला सारला. दुसऱ्या काहींनी प्रयोग करून पाहिले; कुणी चुकीच्या जातीची पिसू घेतली, कुणाला फळ मिळालं नाही. सरकारने नेमलेल्या फ्रेझर यांच्या प्लेग आयोगाने शेकडो साक्षी घेतल्या, हाफकिन यांच्या लशीचा उपयोग मान्य केला, पण चावणाऱ्या किड्यांमार्फत रोग पसरतो ही कल्पना विचारात घेण्याजोगीही मानली नाही. घाणीवर बोट ठेवणं सोपं होतं. घाणीचा दोष राहणाऱ्याच्या माथी मारता येतो, पिसवेचा दोष कुणाच्या माथी मारणार?

हाफकिन यांना मात्र आता जागा मिळाली होती. १० ऑगस्ट १८९९ला परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. याच वाड्यात १८८२मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठला होता. तीन वर्षांत परळच्या लशीची मागणी इतकी वाढली की १९०२मध्ये पंजाब सरकारने लाखो लोकांना टोचण्याची योजना आखली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला. जंतू उष्णतेने मरतातच, तेव्हा कार्बोलिक आम्ल घालायची गरज नाही, असं त्यांनी ठरवलं. पाश्चर संस्थेत हे चालत असे.

३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. आठवडाभराने ज्यांना त्यांतल्या एका, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतली लस मिळाली होती त्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस मेले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बाटली उघडण्याआधीच दूषित झाली होती, म्हणजे दोष परळचा, असा निष्कर्ष निघाला आणि कार्बोलिक वगळणं हा गंभीर दोष ठरला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आलं. साक्षीत एक गोष्ट नोंदली गेली होती : त्या दिवशी बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट न उकळता, जंतुनाशकात नुसता खळबळून तो पुन्हा वापरला गेला होता. खेड्यातल्या जमिनीत धनुर्वाताचे जंतू असतातच. शिवाय बाटली परळला भरून एकेचाळीस दिवस झाले होते. एवढे दिवस उष्ण हवेत तिच्यात धनुर्वाताचे जंतू वाढले असते तर उघडताच घाण सुटली असती. कार्बोलिक वगळणं हा शहाणपणाचा निर्णय होता असं मी म्हणणार नाही. शेकडो मैलांवरच्या खेड्यांत, कुणाच्याही हाती उघडल्या जाणाऱ्या बाटलीत तेवढा एक आडोसा राहू द्यायला हवा होता. पण त्या एकोणीस जिवांचा जाब एकट्या हाफकिन यांना विचारला गेला, तो ते हाफकिन होते म्हणून. मलेरियाचा डास ओळखणारे रोनाल्ड रॉस १९०७मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले. दहा शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आलं. वर्षअखेरीस हाफकिन निर्दोष ठरले. ते कलकत्त्याला परत आले, पण पुन्हा लशीचे मोठे प्रयोग त्यांच्या हाती दिले गेले नाहीत. १९३०मध्ये लोझानला त्यांचं निधन झालं. परळच्या संस्थेला १९२५मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं होतं; १८९७ ते १९२५ या काळात तिथून लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या.

मुल्कोवालने पंजाबातली लसमोहीम बुडवली. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांवर माणसं मेली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी पंजाबातली होती.

त्याच परळमध्ये सिमाँ यांचा धागा दुसऱ्या एका माणसाने उचलला. ग्लेन लिस्टन हे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. १९०३मध्ये मुंबईतल्या एका चाळीत उंदीर पडले आणि काही दिवसांनी रहिवासी पिसवा चावतात म्हणून हैराण झाले. लिस्टन यांनी त्या पिसवा गोळा करून एकेक तपासली. एरवी मुंबईत माणसांच्या अंगावरून गोळा केलेल्या २४६ पिसवांत उंदराच्या जातीची पिसू फक्त एक निघाली होती. या चाळीत तीसपैकी चौदा तशा निघाल्या. यजमान मेल्यावर उपाशी पिसवा मिळेल त्या अंगावर चढत होत्या. लिस्टन यांनी रिकाम्या घरांत गिनीपिग सोडायला सुरुवात केली. रात्रभरात त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजायच्या आणि चिरून बघायच्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५मध्ये त्यांनी हे सगळं मांडलं.

तेव्हा कुठे सरकारने नवं संशोधन मंडळ नेमलं. परळच्या आवारात मुद्दाम लहान कोठ्या बांधल्या गेल्या, काहींना उंदरांना राहता येईल अशी छपरं, काहींना नाही. आत गिनीपिग सोडले. आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवले, एकाच भांड्यात खाऊ घातले, आजारी आईचं दूध पिल्लांना पिऊ दिलं. पिसवा नसतील तर कोणी आजारी पडत नव्हतं. पिसवा आल्या की मरण सुरू. काही पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर टांगले, काही दोन फुटांवर. दोन इंचांवरचे प्राणी गेले, दोन फुटांवरचे राहिले, कारण या पिसवेची उडी चार-सहा इंचांपलीकडे जात नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाची पट्टी पसरली तरी प्राणी वाचत. सात-आठ वर्षांपूर्वी हॉटेलच्या बरणीत दिसलं तेच या कोठ्यांत शेकडो प्राण्यांवर सिद्ध झालं आणि यावेळी कुणाला नाकारता आलं नाही. लंडनच्या बेकट आणि मार्टिन यांनी १९१४मध्ये शेवटचा तपशील दाखवला : पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा गठ्ठा अडकतो, तिची भूक भागत नाही, ती पुन्हापुन्हा चावते आणि गिळलेलं रक्त जंतूंसह जखमेत परत ओतते.

एवढं कळल्यावर शहरांनी उंदीर मारायला, वखारी पक्क्या बांधायला सुरुवात केली. मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८पासून होताच. घाणीच्या जुन्या समजुतीतून जन्मलेल्या या संस्थेने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे शहर सरकवलं आणि ज्या गरिबांची घरं पाडली त्यांतल्या अनेकांना उरलेल्या चाळींत आणखी दाटीने राहायला लावलं. १८९१मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१च्या गणनेत ७,७६,००६ निघाली होती.

रोग झालेल्या माणसाला द्यायला मात्र अजून काही नव्हतं. रक्तद्रव, आयोडीन, कार्बोलिक, बर्फ, ब्रँडी. मुंबईच्या रुग्णालयांत शंभरातले सत्तरएक जात. हे बदललं तेही परळमधूनच. १९३२मध्ये साहिबसिंग सोखी हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. सल्फा औषधं बाजारात येताच त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकाअखेरीस ती प्लेगच्या रोग्यांवर तपासली, तीही रोग्यांचे तुलनेसाठी गट पाडून, आणि गाठीच्या प्लेगमधून माणूस औषधाने उठतो हे दाखवलं. दशकभरात स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि वेळेवर दिलं तर शंभरात दहाही दगावेनात. डीडीटीने पिसवा मारल्या. १९६०च्या दशकाअखेर देशातून माणसांमधला प्लेग जवळजवळ नाहीसा झाला, आणि त्याबरोबर त्याची तपासणी करणारी यंत्रणाही हळूहळू मोडत गेली.

तिची उणीव १९९४मध्ये जाणवली. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष व्हायच्या आतच बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी उंदीर पडताहेत आणि पिसवा चावताहेत अशी तक्रार केली. मग गाठी दिसल्या. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या साऱ्या देशातल्या औषध-दुकानांतून दिसेनाशा झाल्या. मृत्यू पन्नाशीच्या घरातच राहिले, कारण या वेळी रोगावर औषध होतं. नव्हती ती खात्रीची तपासणी. व्हिएगस-हाफकिन यांच्या काळात तीन आठवड्यांत मिटलेला प्रश्न, हा प्लेगच आहे का, सुरतेबाबत महिनोन्‌महिने चघळला गेला. परदेशी तज्ज्ञांचं पथक आलं, विमानं बंद झाली, निर्यात अडली, वर्तमानपत्रांत डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहीत राहिले. तो जंतू यर्सिनिया पेस्टिसच होता, याचा डीएनएच्या आधारे काढलेला पुरावा हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला, तेव्हा २००० साल उजाडलं होतं.